भिडूच्या मेजर रंगाला साथ : कोणत्या पानांवर कोणती बोली

मेंढीकोटात हुकूम बंद पानातून निघतो आणि तो ज्याच्या पथ्यावर पडेल त्याचा डाव. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये मात्र हुकूम दोन्ही भिडूंनी बोलीतून ठरवायचा असतो. एकाने इस्पिक किंवा बदाम उघडले आणि दुसऱ्याजवळ त्या रंगाची तीन-चार पाने असली, की कोणता रंग हुकूम करायचा हा प्रश्न तिथेच मिटतो. किती उंच जायचे, हा त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. इस्पिक आणि बदाम या दोन मेजर रंगांना साथ देणाऱ्या बोलींचे संकेत गेल्या शंभर वर्षांत हळूहळू घडत गेले, ते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच.

या लेखात पाच पानी मेजर पद्धत गृहीत धरली आहे. म्हणजे ओपनरने, म्हणजे पहिली बोली लावणाऱ्याने, १ इस्पिक किंवा १ बदाम म्हटले, तर त्याच्याजवळ त्या रंगाची किमान पाच पाने आणि साधारण १२ ते २१ पॉइंट आहेत. पॉइंट नेहमीचेच : एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १. इस्पिक आणि बदाम यांना इतके महत्त्व का, याचे उत्तर गुणांकनात आहे. या रंगांत सहाच्या वरच्या प्रत्येक हाताला ३० गुण मिळतात, त्यामुळे ४ बोलून, म्हणजे सहाच्या वर चार असे दहा हात केले की १२० गुण होतात आणि गेमसाठी लागणारी शंभराची मर्यादा ओलांडली जाते. चौकट आणि किलवर यांना प्रत्येक हाताला २० गुण असल्यामुळे तिथे गेमसाठी अकरा हात करावे लागतात. गेमचा बोनस नॉन-व्हल्नरेबल असताना ३०० आणि व्हल्नरेबल (म्हणजे त्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे) असताना ५०० आहे, तर गेमपेक्षा कमी कॉन्ट्रॅक्टला केवळ ५०. म्हणून गेम होण्याजोगी पाने असताना ३ इस्पिकवर थांबणे फार महाग पडते.

साथीच्या बोलीने दोन गोष्टी सांगायच्या असतात : आपल्याजवळ हुकमाची पाने किती आहेत आणि ताकद किती आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक नव्या जोड्या ताकद बऱ्यापैकी सांगतात. पानांची संख्या मात्र सांगायची राहून जाते. तीन पानांची साथ आणि चार पानांची साथ यांत एका पानाचे अंतर दिसत असले, तरी पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया तेच एक पान असते. खाली दिलेल्या जवळजवळ प्रत्येक संकेताचा उद्देश हे चौथे पान वेळेवर सांगणे हाच आहे.

पाने पुन्हा मोजणे

भिडूने आपला लांब रंग सांगितल्याबरोबर आपल्या पानांची किंमत बदलते, त्यामुळे साथ देण्यापूर्वी ती नव्याने ठरवावी लागते. चार हुकूम असताना एखाद्या रंगाची दोनच पाने असतील तर १, एकच पान असेल तर ३ आणि रंग रिकामा असेल तर ५ पॉइंट वाढवण्याची रीत आहे. हुकूम तीनच असतील, तर एकट्या पानाचे २ आणि रिकाम्या रंगाचे ३ धरावेत, कारण मारायला हुकूमच कमी आहेत. साथ नसताना हे पॉइंट मोजायचे नाहीत.

भिडूने १ इस्पिक उघडले आहे असे समजून दोन उदाहरणे पाहू. पहिल्या डावात आपली पाने अशी आहेत : इस्पिक – राजा, ८, ६, ३, बदाम – ७, चौकट – एक्का, ९, ५, ४, २, किलवर – ८, ६, ३. दुसऱ्या डावात अशी : इस्पिक – राजा, ८, ६; बदाम – राणी, गुलाम, ४; चौकट – राजा, गुलाम, ५; किलवर – गुलाम, ८, ६, ३. पहिल्यात चित्रांचे आणि एक्क्याचे मिळून ७ पॉइंट आहेत, तर दुसऱ्यात ११. तरीही इस्पिक हुकूम असताना पहिली पाने अधिक हात मिळवून देतात, हे नवशिक्याला पटवणे कठीण जाते.

पटवण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे हरणारे हात मोजणे. प्रत्येक रंगातील जास्तीत जास्त पहिली तीन पाने विचारात घ्यायची आणि त्यांत एक्का, राजा, राणी यांपैकी जितकी नसतील तितके हात हरणार असे धरायचे. एकटे पान एक्का नसेल तर एक हात, आणि दोनच पाने असतील तर जास्तीत जास्त दोन. पहिल्या पानांत इस्पिकचे २, बदामाचा १, चौकटचे २ आणि किलवरचे ३ असे ८ हात हरतात. दुसऱ्यात २, २, २ आणि ३ मिळून ९. साधारण ओपनिंगमध्ये हरणारे हात ७ असतात. दोघांची बेरीज २४ मधून वजा केली, की किती हात होण्याची अपेक्षा आहे ते कळते : पहिल्या पानांवर ९, दुसऱ्यांवर ८. हा हिशोब अंदाजाचाच आहे आणि तो फक्त रंग जुळल्यावरच करायचा असतो. पण सपाट वाटणीतले गुलाम आणि राण्या हुकमाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये किती कमी कामाचे असतात, हे तो लगेच दाखवून देतो.

साधी साथ आणि गेमचा शोध

१ इस्पिकवर २ इस्पिक, किंवा १ बदामावर २ बदाम, ही सर्वांत जास्त वेळा येणारी साथ होय. ६ ते ९ पॉइंट आणि तीन हुकूम हा तिचा नेहमीचा अर्थ आहे. तीन हुकूम आणि ६ पॉइंट असताना १ नोट्रम्प (बिनहुकमाचा डाव) बोलून साथ लपवणे योग्य नाही, कारण पुढच्या विरोधकाने बोली चढवली की मग साथ सांगायला जागाच उरत नाही.

२ इस्पिक ऐकल्यावर ओपनरने साधारण १५ पॉइंटपर्यंत सपाट पाने असतील तर पास म्हणावे, आणि १९ च्या आसपास ताकद असेल तर सरळ ४ बोलावे. मधल्या पानांसाठी मदत मागणारी बोली वापरतात. समजा ओपनरजवळ इस्पिक – एक्का, राणी, १०, ७, ४. बदाम – एक्का, ५. चौकट – राजा, ३. किलवर – राजा, ८, ६, २ अशी १६ पॉइंटची पाने आहेत. त्याने ३ किलवर बोलावे. या बोलीचा अर्थ ‘किलवरमध्ये माझे हात हरण्याची भीती आहे, तिथे तुझी मदत आहे का?’ असा होतो. उत्तर देणाऱ्याजवळ किलवरची राणी किंवा एक्का असेल, किंवा किलवरचे एकच पान असेल, तर त्याने ४ इस्पिक बोलावे. किलवरची तीन बारीक पाने असतील तर ३ इस्पिकवर परत यावे. साथ अगदी वरच्या टोकाची, म्हणजे चांगल्या ९ पॉइंटची असेल, तर किलवर न पाहताच गेम घ्यावा, आणि ६ पॉइंटवर किलवर कसेही असले तरी थांबावे. प्रश्न खरा उरतो तो ७ आणि ८ पॉइंटवर, आणि हा संकेत त्याच पानांसाठी आहे. दुर्दैवाने त्याच पानांवर खेळाडू किलवरकडे न पाहता केवळ आपला एकूण आकडा बघून उत्तर देतात.

तीनवर उडी

१ इस्पिकवर ३ इस्पिक ही उडी म्हणजे लिमिट रेझ : चार हुकूम आणि पुनर्मोजणीनंतर १० ते १२ पॉइंट. हे गेमचे आमंत्रण असते. ओपनरने आपल्या पानांकडे पाहून पास म्हणावे किंवा ४ बोलावे. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात घडलेल्या एकॉल पद्धतीत ही उडी सुरुवातीपासून मर्यादित ताकदीची होती. अमेरिकेत मात्र चार्ल्स गोरेन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत तीच उडी गेमपर्यंत सक्तीची मानली जात असे, म्हणजे गेम गाठेपर्यंत दोघांनाही थांबता येत नसे. वयस्कर खेळाडूंबरोबर पहिल्यांदाच बसताना हा प्रश्न आधी विचारून घेणे म्हणूनच आजही शहाणपणाचे ठरते. वर दिलेली सात पॉइंटची पहिली पाने या बोलीचे चांगले उदाहरण आहेत : राजा आणि एक्का मिळून ७, एकट्या बदामाचे ३, एकूण १०, आणि चौथा हुकूम हजर.

ताकद तीच पण हुकूम तीनच असतील, तर उडी न मारता वळसा घ्यावा. टू-ओव्हर-वन पद्धतीत (जिथे १ च्या बोलीवर दोनच्या पातळीवरचा नवा रंग गेमपर्यंत सक्तीचा असतो) १ नोट्रम्प ही बोली ओपनरला पुन्हा बोलायला भाग पाडते. ती आधी वापरून पुढच्या फेरीत ३ इस्पिक बोलले, की तीन हुकूम आणि आमंत्रणाची ताकद असा अर्थ होतो. ज्या जोड्या १ नोट्रम्प सक्तीची खेळत नाहीत, त्यांनी आधी दोनच्या पातळीवर नवा रंग सांगावा आणि मग साथ द्यावी.

जॅकोबी २ नोट्रम्प

लिमिट रेझ ठरली की गेम निश्चित असलेल्या पानांसाठी वेगळी बोली लागते. अमेरिकन खेळाडू ऑसवाल्ड जॅकोबी यांच्या नावाने ओळखला जाणारा संकेत असा : १ इस्पिक किंवा १ बदामावर २ नोट्रम्प म्हणजे किमान चार हुकूम, १३ किंवा अधिक पॉइंट आणि गेमपर्यंत सक्ती. या बोलीत नोट्रम्प खेळण्याचा विचार अजिबात नसतो. आपला हुकूम ठरवून ती ओपनरला पानांची ठेवण विचारते.

ओपनरचे उत्तर ठरलेले असते. तीनच्या पातळीवर नवा रंग बोलला, तर त्या रंगात त्याच्याजवळ एक पान आहे किंवा तो रंग रिकामा आहे. चारच्या पातळीवर नवा रंग म्हणजे त्या रंगाची पाच चांगली पाने. कुठलाच रंग आखूड नसेल तर उत्तर ताकदीवर जाते : सरळ ४ इस्पिक म्हणजे किमान ताकद, ३ नोट्रम्प म्हणजे १५ ते १७ आणि ३ इस्पिक म्हणजे १८ च्या वर. जितकी घाईने गेम गाठली तितकी पाने कमजोर, हे तत्त्व इथे काम करते. ताकदवान पाने हळू बोलतात, कारण स्लॅमची, म्हणजे बारा किंवा तेरा हातांच्या बोलीची, चर्चा करायला जागा लागते.

आखूड रंग सांगण्यात एवढे काय आहे, हे एका डावावरून पाहू. उत्तर देणाऱ्याची पाने : इस्पिक – राजा, गुलाम, ८, ४, बदाम – एक्का, ७, चौकट – राजा, राणी, ६, ३, किलवर – ८, ५, २. एकूण १३ पॉइंट. ओपनर १ इस्पिक उघडतो, इकडून २ नोट्रम्प, आणि ओपनर ३ किलवर बोलतो. आपल्या किलवरमध्ये तीन बारीक पाने आहेत आणि भिडूजवळ तिथे फार तर एक पान आहे, म्हणजे आपला एकही पॉइंट वाया जात नाही आणि किलवरचा फार तर एक हात जाईल. ओपनरजवळ इस्पिक – एक्का, राणी, १०, ७, २. बदाम – राजा, ८, ५. चौकट – एक्का, गुलाम, ९, ४. किलवर – ६ अशी १४ पॉइंटची पाने असतील, तर हुकमाचे पाच, चौकटचे चार, बदामाचे दोन आणि बदामाचे तिसरे पान डमीच्या (भिडूच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांतल्या) हुकमाने मारून एक, असे बारा हात होतात. दोघांचे मिळून पॉइंट केवळ २७ आहेत. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे स्लॅमला ३३ पॉइंट लागतात, त्यामुळे फक्त आकडा पाहणारी जोडी ४ इस्पिकवर थांबते. इथे उत्तर देणारा ४ नोट्रम्पने की-कार्ड (चार एक्के आणि हुकमाचा राजा) विचारतो, ओपनर ५ इस्पिक बोलून दोन की-कार्ड आणि हुकमाची राणी सांगतो, आणि उरलेला एक्का किलवरचाच आहे हे कळल्यावर ६ इस्पिक बोलायला धीर लागत नाही.

आता ओपनरची चौकट आणि किलवर उलटी करून पाहा : चौकट – ६, किलवर – एक्का, गुलाम, ९, ४. पॉइंट तेच १४, वाटणी तीच. या वेळी तो ३ चौकट बोलेल. आपले राजा आणि राणी भिडूच्या एकट्या पानासमोर उभे आहेत, म्हणजे ५ पॉइंटचे मोल बरेच घटले. चौकटचा एक्का जाणार, किलवरमध्येही किमान एक हात जाण्याची दाट शक्यता. उत्तर देणाऱ्याने स्लॅमचा विचार सोडून ४ इस्पिक बोलावे. २ नोट्रम्पचा संकेत दोन्ही डावांतला हा फरक तीनच्या पातळीवर, गेमच्या आत राहून दाखवतो. माझ्या मते मेजर रंगाच्या साथीसाठी शिकण्याजोगा एकच कृत्रिम संकेत निवडायचा झाला, तर हाच निवडावा.

दोन अटी मात्र पाळाव्यात. हुकूम तीनच असतील तर २ नोट्रम्प बोलू नये. तिथे आधी नवा रंग सांगून मग साथ द्यावी. आणि आपण आधी पास म्हटले असेल किंवा मध्ये विरोधक बोलले असतील, तर हा संकेत लागू नाही.

स्प्लिंटर

जॅकोबीत उत्तर देणारा विचारतो. स्प्लिंटरमध्ये तो स्वतःच सांगतो. १ इस्पिकवर ४ किलवर, ४ चौकट किंवा ४ बदाम, आणि १ बदामावर ३ इस्पिक, ४ किलवर किंवा ४ चौकट अशा दुहेरी उडीचा अर्थ चार हुकूम, गेमची ताकद आणि बोललेल्या रंगात एक पान किंवा शून्य असा होतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत डोरोथी हेडन, म्हणजे नंतरच्या डोरोथी ट्रस्कॉट, यांनी हा संकेत मांडला. डेव्हिड क्लिफ यांनाही तो स्वतंत्रपणे सुचला होता. नमुना असा : इस्पिक – राजा, ९, ७, ४, बदाम – एक्का, ८, ६, ३, चौकट – राजा, गुलाम, ५, २, किलवर – ६. भिडूच्या १ इस्पिकवर ४ किलवर.

ताकदीची मर्यादा सांभाळणे इथे महत्त्वाचे आहे. स्प्लिंटरमुळे तीनची सगळी पातळी खर्ची पडते, म्हणून ती साधारण १० ते १३ पॉइंटपुरती ठेवावी. त्याहून मोठी पाने असतील तर आखूड रंग असूनही २ नोट्रम्प बरे. एकटे पान एक्का किंवा राजा असेल तर स्प्लिंटर टाळावी, कारण भिडू त्या रंगातली आपली राणी-गुलाम निरुपयोगी समजतो आणि बारीक पाने मौल्यवान समजतो, आणि दोन्ही अंदाज चुकतात. सर्वांत धोक्याची जागा १ इस्पिकवर ४ बदाम ही आहे. भिडू संकेत विसरला तर त्याला बदामाचा गेम खेळायचा आहे असे वाटते, तो पास म्हणतो, आणि एकट्या पानाच्या रंगात डाव खेळावा लागतो.

चारवर उडी आणि एकूण हातांचा नियम

१ इस्पिकवर लगेच ४ इस्पिक ही बोली ताकदवान वाटते, पण ती कमजोर पानांची आहे. पाच हुकूम, एखादा रंग आखूड आणि पॉइंट थोडे. उदाहरणार्थ इस्पिक – राजा, १०, ८, ६, ३. बदाम – ४. चौकट – राणी, ९, ७, ५. किलवर – ७, ६, २. केवळ ५ पॉइंट, तरीही ४ इस्पिक.

यामागचे तत्त्व फ्रेंच लेखक जाँ-रेने व्हर्न यांनी १९६० च्या दशकात मांडले आणि १९९० च्या दशकात लॅरी कोहेन यांनी ते अमेरिकेत घरोघर पोचवले. दोन्ही बाजूंच्या सर्वांत लांब रंगांतील हुकमांची बेरीज ही त्या डावात दोन्ही बाजू आपापल्या हुकमात करू शकतील अशा हातांच्या बेरजेइतकी असते, असे हे तत्त्व सांगते. आपले इस्पिक नऊ आणि विरोधकांचे बदाम नऊ असतील, तर एकूण हात अठरा. त्यांचे ३ बदाम होत असतील, तर आपलेही ३ इस्पिक होतात. व्यवहारात याचा अर्थ, आपल्या बाजूकडे जितके हुकूम आहेत तितक्या हातांच्या पातळीपर्यंत जायला सहसा हरकत नसते : आठ हुकमांवर दोन, नवांवर तीन, दहांवर चार. प्रत्यक्ष डावात एखाद-दुसऱ्या हाताचा फरक पडू शकतो, पण स्पर्धेच्या बोलीत घड्याळ पुढे सरकत असताना यापेक्षा सोपा मार्गदर्शक सापडणे कठीण.

वरच्या डावात आपले हुकूम किमान दहा आहेत आणि विरोधकांचे बदामाचे गेम होण्याचा संभव मोठा आहे. नॉन-व्हल्नरेबल असताना ४ इस्पिकवर विरोधकांनी डबल म्हणून दंड वाढवला आणि दोन हात कमी पडले तर ३०० गुण जातात. त्यांच्या ४ बदामाचे ४२० किंवा ६२० झाले असते. आपण व्हल्नरेबल असू तर दोन हातांचे ५०० जातात, म्हणजे त्यांचे ४२० चे गेम रोखण्यासाठी ही किंमत जास्त ठरते. कमजोर पानांनी उडी मारण्यापूर्वी व्हल्नरेबिलिटीकडे एक नजर टाकायची ती यासाठी. आणि १३ पॉइंट असताना ही उडी मारायची नाही. भिडूजवळ १७ असले तर स्लॅम त्याच क्षणी हुकते.

बर्गेन

नऊ हुकमांवर तीनची पातळी सुरक्षित मानली, तर चार हुकमांची प्रत्येक साथ लगेच तीनवर नेता येते. अमेरिकेच्या मार्टी बर्गेन यांनी या विचारावर बोलींची नवी मांडणी केली. १ इस्पिक किंवा १ बदामावर ३ किलवर म्हणजे चार हुकूम आणि ७ ते ९ पॉइंट. ३ चौकट म्हणजे चार हुकूम आणि १० ते १२. आणि ओपनरच्याच रंगात ३ म्हणजे चार हुकूम आणि ६ किंवा त्याहून कमी. २ ची साधी साथ तीन हुकमांसाठी राखीव राहते. ३ किलवर आणि ३ चौकट यांचे अर्थ उलटे करून खेळण्याचीही रीत आहे.

पद्धत सुबक आहे, पण नव्या जोडीने ती लगेच उचलू नये असे मला वाटते. ३ किलवर ऐकल्यावर पुढचा विरोधक डबल करून आपल्या भिडूला किलवरची उतारी सुचवू शकतो. लांब किलवर किंवा चौकट असलेली पाने उडी मारून दाखवण्याची सोय जाते. आणि मुख्य म्हणजे ३ इस्पिक या बोलीचा अर्थ आमंत्रणावरून थेट अडथळ्यावर जातो. दोघांपैकी एकाच्या डोक्यात जुनी लिमिट रेझ असेल, तर ४ पॉइंटांवर गेम खेळण्याची पाळी येते. जॅकोबी आणि स्प्लिंटर अंगवळणी पडल्यावरच बर्गेनकडे वळावे.

पास म्हटल्यानंतरची साथ

बोलीच्या क्रमातील तिसऱ्या आणि चौथ्या जागेवरून, विशेषतः तिसऱ्या, ओपनर कमी ताकदीवरही उघडतो. टोरांटोचे डग्लस ड्रुरी यांचे भिडू एरिक मरे तिसऱ्या जागेवर फार हलके उघडत, आणि त्यांना सांभाळण्यासाठी ड्रुरी यांनी २ किलवरचा संकेत काढला, असे ब्रिजच्या इतिहासात सांगितले जाते. आधी पास म्हटलेल्या खेळाडूने १ इस्पिक किंवा १ बदामावर २ किलवर बोलले, तर त्याचा अर्थ ‘माझ्याजवळ साथ आहे आणि १० ते १२ पॉइंट आहेत, तू खरेच उघडला आहेस का?’ असा होतो.

समजा तिसऱ्या जागेवरच्या ओपनरजवळ इस्पिक – एक्का, राजा, गुलाम, ८, ४. बदाम – ७, ५. चौकट – राणी, ६, ३. किलवर – ९, ६, २ अशी १० पॉइंटची पाने आहेत आणि त्याच्या भिडूजवळ इस्पिक – राणी, ७, ३. बदाम – एक्का, ९, ६. चौकट – राजा, १०, ५, ४. किलवर – राणी, ८, ३. भिडू तीनवर उडी मारेल तर नऊ हात जुळवणे अवघड जाईल. २ किलवरवर ओपनर २ इस्पिक बोलतो, म्हणजे पूर्ण ओपनिंग नाही, आणि दोघे तिथेच थांबतात. हल्ली प्रचलित असलेल्या उलट्या ड्रुरीत २ इस्पिक ही कमजोरीची बोली आहे. मूळ ड्रुरीत तेच काम २ चौकट करत असे. कोणती खेळायची ते आधी ठरवावे.

विरोधक मध्ये बोलले तर

भिडूच्या १ इस्पिकवर विरोधकाने मध्येच २ बदामाची बोली (ओव्हरकॉल) लावली, तर चांगली साथ सांगण्यासाठी त्यांचाच रंग बोलतात : ३ बदाम म्हणजे इस्पिकची साथ आणि लिमिट रेझ किंवा त्याहून अधिक ताकद. ३ इस्पिक ही उडी आता कमजोर, चार हुकमांची. २ इस्पिक साधी साथ राहते. विरोधकाने डबल केले, तर २ नोट्रम्प म्हणजे चार हुकूम आणि लिमिट रेझ किंवा अधिक. ॲलन ट्रस्कॉट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा संकेत काही ठिकाणी जॉर्डन २ नोट्रम्प म्हणूनही ओळखतात. ३ ची उडी इथेही कमजोर. ताकद असूनही साथ नसेल, तर रीडबल, म्हणजे त्यांच्या डबलवर पुन्हा डबल.

टेबलावर बसण्यापूर्वी

संकेत कृत्रिम असेल तर विरोधकांना त्याची सूचना मिळाली पाहिजे. समोरासमोर, पडदा नसताना खेळताना बोली लावणाऱ्याचा भिडू अलर्ट देतो. ऑनलाइन बोली लावणारा स्वतः देतो, तर पडद्याआडच्या स्पर्धांत बोली लावणारा आणि त्याचा भिडू दोघेही आपापल्या बाजूच्या विरोधकाला देतात. बोली चालू असताना आपलेच कन्व्हेन्शन कार्ड (जोडीच्या संकेतांची यादी) पाहण्याची नियमाने मुभा नाही, म्हणून कार्डावर लिहिले आहे एवढ्याने भागत नाही.

सरावासाठी दोघांनाच पुरेल अशी एक रीत आहे. एकाने जोडातून पाच इस्पिक असलेली, १३ ते १५ पॉइंटची तेरा पाने निवडून ओपनर म्हणून बाजूला ठेवावीत. उरलेली ३९ पाने पिसून तेरा-तेरांचे तीन गठ्ठे करावेत आणि प्रत्येक गठ्ठा ही उत्तर देणाऱ्याची पाने समजून दोघांनी आपापली बोली न बोलता कागदावर लिहावी. तिन्ही गठ्ठ्यांत इस्पिकची पाने आठच वाटली गेलेली असल्यामुळे एखाद्यात साथ नसेलही. तिथे साथ न देता काय बोलायचे हेही लिहावे. नंतर तेच तीन गठ्ठे पुन्हा घ्यावेत, या वेळी मध्ये २ बदामाचा ओव्हरकॉल आला असे धरून, आणि तिसऱ्यांदा उत्तर देणाऱ्याने आधी पास म्हटला आहे असे धरून. दोघांच्या कागदांवरच्या बोली जिथे जुळत नाहीत, तेवढ्या जागा वहीत लिहून ठेवाव्यात आणि पुढच्या बैठकीला आधी त्यांवरच बोलावे.